दाखला उद्या मिळेल

दर्यापूरच्या बसस्टँडमागे पत्र्याच्या आठ खोल्यांची एक प्राथमिक शाळा आहे. फलकावर तिचं नाव लांबलचक आहे, पण गावात ती तायडे सरची शाळा म्हणूनच ओळखली जाते. धर्मपाल तायडे यांनी ती एकवीस वर्षांपूर्वी काढली. डी.एड. होऊन सहा वर्षं झाली तरी कुठे नोकरी लागत नाही म्हटल्यावर त्यांनी घरापुढे पत्रे टाकले आणि अकरा लेकरं घेऊन शिकवायला बसले. होता होता पहिली ते सातवी, सहा शिक्षिका आणि एकशे अडतीस लेकरं इथवर ती आली. एवढ्या वर्षांत सरांनी सुटी अशी घेतली नाही. आई वारली तेव्हा तिसऱ्या दिवशी ते सकाळी फाटकात उभे होते. मुलीचं, दीक्षाचं लग्न त्यांनी रविवारी ठेवलं आणि सोमवारी ते परिपाठाला हजर होते.

सरांबद्दल गावात तक्रार एकच होती. शाळा सोडल्याचा दाखला म्हणून वेळेवर मिळायचा नाही. कोणी पालक लेकराची शाळा बदलायची म्हणून अर्ज घेऊन आला की सर अर्ज ठेवून घेत, पाणी देत आणि म्हणत, "उद्या या. दाखला उद्या मिळेल."

त्याच संध्याकाळी ते आपल्या जुन्या लुनावर त्या घरी जात. दाखल्याचं नाव काढत नसत. ओट्यावर बसत, चहा घेत आणि लेकराला म्हणत, "आण पाहू पुस्तक. वाच एखादा धडा." लेकरू वाचायला लागे. आत पोळ्या लाटणारी आई पिठाच्या हातांनी दाराशी येऊन उभी राही. बाप मोबाइल खाली ठेवी. आपलं लेकरू इतकं घडाघडा वाचतं, हे पुष्कळांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलेलं असे. धडा संपला की सर "बरं, येतो" म्हणून उठत. दुसऱ्या दिवशी दहातले सात-आठ जण दाखला न्यायला येतच नसत. भाजी विकणाऱ्या वच्छलाबाईंनी तर आपल्या आचलचा अर्ज परत मागून घेतला आणि सरांच्या टेबलापुढेच फाडला. तेव्हा आचल तिसरीत होती.

ही गोष्ट सरांनी कोणाला सांगितली नव्हती. आपण लोकांच्या दारात जाऊन काहीतरी मागतो, असं त्यांना वाटे आणि त्याची थोडी लाजही वाटे. घरी बायको, इंदूबाई, समजत, सर फिरायला जातात. शाळेतल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका बेबीताई गावंडे समजत, सरांचं कागदपत्रांचं काम जरा ढिलं आहे.

यंदा मार्चमध्ये सरांचा आवाज बसला, तो उठेचना. अमरावतीच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली आणि स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणून सांगितलं. एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. पण डॉक्टरांनी बजावलं, दीड महिना तोंडातून एक शब्द काढायचा नाही आणि तीन महिने शाळेची पायरी चढायची नाही. ऐकलं नाही तर आवाज कायमचा जाईल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर शाळेत बेबीताईंना सगळं समजावून द्यायला बसले होते. निकालपत्रकांवर सह्या झाल्या. मग बेबीताईंनी दाखल्यांचं नवं कोरं बुक पुढे ठेवलं.

"सातवीचे सतरा हायेत सर. मे महिन्यात हायस्कूलवाले दाखले मागतीन. सतरावर सह्या करून ठेवा."

सरांनी सतरा सह्या केल्या, शिक्के मारले आणि थांबले. अठरा वर्षं शाळा सांभाळणाऱ्या बाईच्या हातात मोजून सह्या द्यायच्या, हे त्यांना कसंसंच वाटलं.

"पुरं बुकच करून ठेवतो," ते बसक्या आवाजात म्हणाले. "कोणाचं काही काम निघालं तर?"

"शंभरच्या शंभर?"

"हाव. अन् लोकाले अडवू नका मॅडम. तुमच्या सरचं नाव बदनाम हाय गावात, दाखल्यासाठी फिरवते म्हणून."

"ते तर हायेच सर," बेबीताई म्हणाल्या आणि दोघंही हसले.

ऑपरेशनहून सर आणि इंदूबाई थेट अकोल्याला दीक्षाकडे गेले. ती तिथे सरकारी ऑफिसात नोकरीला. दर्यापुरात राहिले तर रस्त्यानं कोणी 'जयभीम सर' म्हटलं की हे बोलल्याशिवाय राहणार नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. तिनं बाजारातून एक पाटी आणि लेखणीचा डबा आणला. सर पाटीवर लिहीत, पुसत आणि खिडकीशी बसून राहत.

"सत्तावीस वर्षांत घरात पह्यल्यांदा माह्यं बोलणं पुरं होऊन राह्यलं," इंदूबाई शेजारणीला सांगत. सर मान हलवून हसत. सुरुवातीचे दिवस त्यांना बरेसुद्धा वाटले. सकाळी सातला ऊन अंगावर घेत चहा पिता येतो, हे त्यांना माहीतच नव्हतं.

दर शनिवारी बेबीताईंचा फोन येई. दीक्षा फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवी, सर पाटीवर लिहीत आणि ती वाचून दाखवी. मे महिन्यात सातवीचे सतरा दाखले गेले. जूनच्या पहिल्या शनिवारी बेबीताई म्हणाल्या, "अमरावती रोडवर थे नवी इंग्लिश शाळा निघाली ना सर, तिच्या पिवळ्या गाड्या आता गल्लीगल्लीनं फिरून राह्यल्या. या हप्त्यात अकरा दाखले देले. कोणाले थांबू देलं नाई. अर्ज आला का दहा मिनिटांत दाखला हातात. लोकं म्हणतात, मॅडम, तुमी तं कमाल केली!"

सरांच्या हातातली लेखणी थांबली. अकरा. त्यांनी लिहिलं, 'दाखला एक दिवस थांबवत जा.' दीक्षानं वाचलं.

"काहून सर?" बेबीताई म्हणाल्या. "तुमीच तं म्हणे, अडवू नका. अन् सह्या तं झालेल्याच हायेत. थांबवून करू काय?"

सरांनी पाटी पुसली. थांबवून संध्याकाळी त्या घरी जा, असं लिहावं का? आणि जाऊन काय करा म्हणावं? लेकराला वाचायला लावा? बेबीताईंच्या गुडघ्यांना गल्ल्या झेपत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. आणि एकवीस वर्षं आपण हे करत आलो, हे आता मुलीदेखत, बायकोदेखत लिहायचं? लेखणी पाटीवर टेकली, एक टिंब उमटलं.

"बाबा, लिहा ना. मॅडम थांबल्या," दीक्षा म्हणाली.

सरांनी मान हलवली.

"काही नाही मॅडम," दीक्षा फोनवर म्हणाली. "बरं म्हणतात."

पुढच्या शनिवारी एकोणीस झाले. त्याच्या पुढच्या शनिवारी सव्वीस. दीड महिना भरला होता, दोन-चार शब्द बोलायची मुभा मिळाली होती. सर एकदा सकाळी पिशवी भरून निघालेही. इंदूबाई दारात आडव्या आल्या. "गेलाच आवाज तं काय शाळा मुक्यानं चालवसान?" त्या म्हणाल्या. सरांनी पिशवी खाली ठेवली. आता सरांना वाटतं, तेव्हा निघायलाच हवं होतं. पण जाऊन कोणाच्या ओट्यावर बसले असते? एव्हाना दाखले लोकांच्या घरी पोचले होते.

जुलैच्या शेवटी सर परत आले. आवाज आला होता, पण घोगरा. दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढाच. सकाळी ते फाटकात उभे राहिले. पूर्वी तीन ऑटो भरून येत, त्यांतला एकच आला. गल्लीतली निम्मी लेकरं गेली की उरलेल्यांसाठी फेरी परवडत नाही म्हणून दोघा ऑटोवाल्यांनी येणं सोडलं आणि त्यांच्यामुळे आणखी लेकरं गेली. सरांनी आत जाऊन हजेरी पाहिली. एकोणचाळीस. पहिलीत नवं कोणीच नव्हतं. दोन शिक्षिकाही त्याच इंग्रजी शाळेत लागल्या होत्या.

बेबीताईंनी बुक आणून ठेवलं. दिलेल्या दाखल्यांच्या नव्व्याण्णव स्थळप्रती, एकाखाली एक, वळणदार अक्षरात भरलेल्या. कुठे खाडाखोड नाही.

"मी काय करू सर, लोकं येतच गेले," त्यांचे डोळे भरून आले होते. "पण एकालेही दुसरा हेलपाटा पडू देला नाई."

"चांगलं केलं," सर म्हणाले.

संध्याकाळी ते लुना काढून एका घरी गेले, चौथीतल्या कुलदीपच्या. कुलदीप नव्या शाळेचा टाय लावूनच खेळत होता. सर वाच म्हणाले, पण आत टीव्ही चालू होता, त्यांचं म्हणणं कोणाला ऐकू गेलं नाही. बापानं चहा दिला. "यंदा तं होऊन गेलं सर," तो म्हणाला. "पण तुमच्या शाळेनं तरास नाई देला, त्याचं बरं वाटलं. लोकं उगीच काय काय सांगत व्हते." दुसऱ्या घरी सर गेलेच नाहीत.

आठवडाभरानं वच्छलाबाई आल्या. डोक्यावरची भाजीची टोपली त्यांनी दाराबाहेर ठेवली, अर्ज टेबलावर ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"आचलचा दाखला पाह्यजे व्हता सर."

"काहून?"

"पाचवीत थे एकटीच उरली सर. मधल्या सुटीत मॅडमसंग डबा खाते. घरी येऊन म्हणते, आई, कविता कोणासंग म्हणू?"

उद्या या, असं सरांच्या ओठांवर आलंच होतं. वच्छलाबाईंनी ते ओळखलं.

"तुमी उद्या या म्हणसान तं येईन मी. तुमी संध्याकाळी घरी येसान, आचल वाचंन, अन् मी पुन्हा अर्ज फाडून टाकीन. मले का मालूम नाई? सगळ्या गल्लीले मालूम हाय सर. लोकं वाटच पाह्यत तुमची, सर येतीन म्हणून. यंदा कोणी आलंच नाई." त्या थांबल्या. "पण थे एकटी हाय ना, सर."

एकट्या लेकराला पाच तास रिकाम्या वर्गात बसवा, असं सरांनीही कोणाला सांगितलं नसतं. त्यांनी बुक ओढलं. शेवटचं पान उरलं होतं. एप्रिलमध्ये केलेली सही आणि शिक्का त्यावर होताच. नाव, जन्मतारीख, इयत्ता त्यांनी भरली. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात बेबीताईंनी सगळीकडे 'पालकाची विनंती' लिहिलं होतं, तेच त्यांनीही लिहिलं. प्रगतीच्या रकान्यात 'वाचन उत्तम' लिहिलं. मग पान टोचलेल्या रेघेवरून हळूहळू फाडलं.

वच्छलाबाईंनी दाखला घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. "आताच नेऊ काय तिले, का सुटी झाल्यावर?"

"सुटी झाल्यावर," सर म्हणाले.

त्या गेल्यावर सर पाचवीच्या वर्गात गेले. पंखा चालू होता. आचल पहिल्या बाकावर होती. सरांना पाहून ती उठली आणि तिनं आपण होऊनच पुस्तक काढलं.

"इथंच वाचू काय सर? घरी नाई येनार?"

"इथंच वाच," सर म्हणाले.

पंख्याच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नाही. ती तशीच उभी राहिली. सरांनी पुस्तकाकडे बोट दाखवलं.