कपाळावरचा हात

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे, म्हणून माझ्या मिसरीला कुणी व्यसन म्हटलं की माझं डोकं फिरतं. सेलूला आमच्या घरी हा विषय आठवड्यातून एकदा तरी निघतोच. मुलगी शिकलेली, ती म्हणते, आई, तुला व्यसन लागलंय, कबूल कर. नवरा हातावर तंबाखू मळत मळत मान डोलावतो. सकाळी दातांना चिमूटभर मिसरी लावली नाही तर माझी चिडचिड होते, भांडी आपटली जातात, सगळं खरं. मिसरीनं तोंड सडतं हेही मला कळतं. पण व्यसन काय असतं ते बघायचं असेल तर माझ्या माहेरी चला, असं मी म्हणते. मग दोघंही विषय सोडतात, कारण तिथं काय झालं ते त्यांना माहीत आहे.

माझं माहेर सेलू आणि पाथरीच्या मधलं. आमच्याकडं मेंढरं. रानात बसवलेली, पावसाळ्यात घरामागच्या वाड्यात कोंडलेली, वर्षभर लेंड्यांचा वास. आणि कळपापासून वेगळा बांधलेला एक एडका, टकरीचा मेंढा. टक्कर ज्यानं पाहिली नाही त्याला सांगते. दोन एडके समोरासमोर आणतात, धनी शिंगं धरून थोपवतो आणि सोडतो. एडका आधी मागे सरकतो. डोळे समोरच्यावर, पावलं उलटी. जितका मागे जाईल तितका मार मोठा. मग मान खाली घालून सुटतो आणि कपाळावर कपाळ आदळतं. दगडावर नारळ फोडल्यासारखा आवाज होतो, फक्त नारळ एकदाच फुटतो आणि इथं लोक ओरडून ओरडून पुन्हा मागतात. नाकातून रक्त येतं, शिंगाच्या बुडातून येतं, धनी त्यात हळद कोंबतो आणि पुन्हा उतरवतो. आता याला बंदी आहे. म्हणून टकरी गावात होत नाहीत, रानात होतात, एवढाच फरक.

माझ्या बाला टकरीचा नाद होता. साधासुधा नाही. घरात पोरांना दूध नसलं तरी चालेल, एडक्याला पाहिजे. हरभऱ्याची भरड, गूळ, अंडी, सगळं त्याला. माझ्या वाट्याचं दूध त्या जनावराच्या पोटात गेलं याचा राग मला अजून आहे. पण बाचा एक नियम होता आणि तो आमच्या सगळ्या मेंढरं राखणाऱ्यांत चालतो: एडक्याच्या कपाळाला माणसानं हात लावायचा नाही. लाडानंसुद्धा नाही. कोकराच्या कपाळावर पंजा ठेवून ढकललं की ते उलटं ढकलतं. आपल्याला गंमत वाटते, त्याला धडा मिळतो. मोठं झाल्यावर त्याला माणूस आणि एडका यांत फरक कळत नाही. लाड करायचे तर हनुवटीखाली खाजवायचं. मी लहानपणी एकदा कोकराला तसं ढकललं तर बानं माझ्या हातावर काठी ओढली होती.

एका टकरीत बाच्या एडक्याचं शिंग चिरलं. बा त्याला पुन्हा सोडायच्या बेतात होता, शिंग धरलेलं, आणि ते त्याच्या हातात करकरलं. बानं तिथंच एडक्याला कवेत घेतलं आणि रिंगणाबाहेर आणलं. लोकांनी शिव्या दिल्या. एक जण तोंडावर थुंकला. बानं तोंड पुसलं आणि एडका खांद्यावर टाकून घरी आला. त्यानंतर टकरीचा दिवस आला की बाचं काय व्हायचं विचारू नका. पटका बांधायचा, सोडायचा, दाराशी जायचा, परत यायचा, मायवर ओरडायचा. एकदा तर पाण्याचा हंडा लाथेनं उडवला. माय म्हणायची, “ह्यांचं अंग तिकडं जायलंय, पर हे काय जायना झालेत.” बा पुन्हा कधी गेला नाही. तो वारला तेव्हा तो चिरलेल्या शिंगाचा एडका कळपात म्हातारा होऊन चरत होता.

मग दादाची पाळी आली. माझा थोरला भाऊ. त्यानं आणलेल्या एडक्याला आजोबांचं नाव दिलं, त्यामुळं त्याला शिवी द्यायची पंचाईत. पहिली दोन वर्षं मला वाटलं, बापाचाच नाद आहे, रक्तात आलाय, असू दे. वैनीलाही तसंच वाटलं असावं. माझी वैनी पाथरीकडची, कमी बोलणारी, कामाला वाघ. कळपातली एकेक मेंढी ती आवाजावरून ओळखते. एडक्यालाही तीच खाऊ घालायची.

एका टकरीत त्या एडक्याचा डोळा सुजून बंद झाला. सूज उतरायच्या आत दादा त्याला पुन्हा रानात न्यायला निघाला. वैनीनं दावं धरून ठेवलं. तिच्या हातातून ते ओढून घेऊन त्यानं त्याच दाव्यानं तिला झोडपलं. मी गेले तेव्हा ती भाकरी थापत होती आणि तिच्या हातावर कोपरापर्यंत निळे वळ होते. मी दादाला अंगणात उभा करून नाही नाही ते बोलले. तो रडला. अगदी हुंदके देऊन रडला, वैनीची माफी मागितली. आणि पुढच्या टकरीला गेला. ते रडणं खोटं नव्हतं, हेच मला तेव्हा समजत नव्हतं. मी त्याला ढोंगी समजत होते.

टकरी नसल्या की त्याला करमेना. मग तो घरीच एडक्यापुढं उभा राहायचा आणि त्याच्या कपाळावर पंजा दाबायचा. एडका रेटायचा, हा रेटायचा. पुढं पुढं तर गुडघ्यावर बसून स्वतःचं कपाळ लावायचा. मायनं बाच्या नियमाची आठवण करून दिली तर हसला. म्हणाला, मला ओळखतो तो, माझ्या अंगावर येत नाही. ते खरंच होतं. तो दादाच्या अंगावर कधीच गेला नाही.

नागपंचमीला मी माहेरी गेले होते. ओट्यावर बसून मी डाळ निवडत होते आणि वैनी वाकून मेंढरांच्या दगडी डोणीत पाणी ओतत होती. दादानं एडका अंगणात मोकळा सोडलेला. तो मागे सरकताना मला दिसला. डोळे तिच्यावर, पावलं उलटी. मी ओरडले. वैनी वळली आणि त्याच वेळी तो तिच्या खांद्यावर आदळला. तो आवाज नारळाचा नव्हता, वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा होता. ती डोणीच्या कडेवर पडली. एडका पुन्हा मागे सरकला आणि पडलेल्या बाईच्या बरगडीवर आला. तिसऱ्यांदा सरकला तेव्हा मी मुसळ उचलून त्याच्या नाकाडावर घातलं, पुन्हा घातलं, तो मागे हटेपर्यंत घालत राहिले. माझ्या लुगड्यावर त्याचं रक्त आणि वैनीच्या तोंडून कसलाच आवाज नाही.

दादा घरातून धावत आला. त्यानं एडक्याला धरलं आणि दोन्ही हातांनी त्याची शिंगं चाचपली. आधी एक, मग दुसरं. त्यानंतर त्यानं बायकोकडं पाहिलं. मी हातातलं मुसळ त्याच्या नडगीवर फेकलं आणि ते बसलं याचा मला आजही आनंद आहे.

वैनीचं गळ्याजवळचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. सेलूच्या दवाखान्यातून तिला आणलं तेव्हा तिचे भाऊ न्यायला आले होते. ती गेली नाही. ह्या मेंढरांत माझं आयुष्य गेलंय, मी का जाऊ, असं तिनं भावांना सांगितलं. मग सगळ्यांसमोर दादाला म्हणाली, “ह्या वाड्यात फिरून टकरीचा एडका दिसला तर मी चालले. मग आणाय येऊ नका.” ती असल्या गोष्टी दोनदा सांगणारी बाई नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दादानं मायच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. एडका ताडकळसच्या बाजारात विकला. सेलू-पाथरीत विकला असता तर हा बघायला जाईल, म्हणून मुद्दाम लांब.

मग घर शांत झालं. मी दर आठ-पंधरा दिवसांनी वैनीच्या मदतीला जायचे. दादा वाळला. ताट अर्ध्यावर सारायचा, कुणी हाक मारली की अंगावर यायचा. एकदा मेंढीनं वाट सोडली म्हणून तिला इतकं मारलं की ती उठेना. मला बाची आठवण यायची. बाचंही असंच व्हायचं, हंडा उडवायचा, मग निवला. हाही निवेल. माय मात्र म्हणायची, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मी तिलाच रागावले. पोरगा सुधारतोय तर तुला बघवत नाही का, म्हणाले.

त्याच दिवसांत एक मेंढी वीत असताना मेली. मागं नर कोकरू राहिलं. वैनीनं ते गळ्यात बांधलेल्या हातानं छातीशी धरून बाटलीनं पाजलं. दुसऱ्या हातानं त्याची हनुवटी खाजवायची. ते तिच्या मागं मागं स्वयंपाकघरात यायचं, पदर चघळायचं. हाड जुळून आलं, गळ्यातली झोळी सुटली, तोवर त्याच्या डोक्यावर शिंगांचे दोन उंचवटे दिसायला लागले होते. त्या घरात तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

ती सकाळ अजून डोळ्यांपुढं आहे. ऊन नुकतं अंगणात आलं होतं. वैनी बाटली घेऊन बाहेर आली आणि तिनं कोकराला हाक मारली. ते आलं नाही. तिच्याकडं बघत एक पाऊल मागे गेलं. मग आणखी एक. डोळे तिच्यावर, पावलं उलटी. वैनीच्या हातातली बाटली पडली. कोकरू मान खाली घालून धावत आलं आणि तिच्या गुडघ्यावर आदळलं. एवढंसं जनावर, त्याचा मार तो केवढा. वैनी मात्र पांढरी पडून भिंतीला टेकली आणि तिचा हात आपोआप गळ्याजवळच्या हाडावर गेला.

मी कोकराला उचलून त्याचं कपाळ पाहिलं. दोन उंचवट्यांच्या मधली लोकर चेपून गुळगुळीत झाली होती. दादा वाड्याच्या दाराशी उभा होता. ह्याच्या कपाळाला हात लावतोस का, असं मी त्याला विचारलं. आधी तो नाही म्हणाला. मग म्हणाला, नुसता हात ठेवतो, टकरीला थोडाच नेतोय, शपथ काही मोडली नाही. मग खाली बघत म्हणाला, “सकाळचं एवढं केलं न्हाई तर मला दिवस जात न्हाई.”

वैनी घरात गेली. तिनं लुगडी गाठोड्यात बांधली, मायच्या पाया पडली, आणि बाहेर येऊन कोकरू माझ्या हातातून घेतलं. गाठोडं पाठीवर, कोकरू छातीशी, ती रस्त्याकडं निघाली. पाथरीची जीप तिथूनच मिळते. दादा तिच्या आडवा आला. मला वाटलं, आता पाय धरेल. तो म्हणाला, “तुला जायचं तर जा. कोकरू ठिवून जा.”

तिनं त्याला वळसा घातला. त्यानं कोकराचे मागचे पाय धरले आणि ओढले. तिनं सोडलं नाही. कोकरू माणसासारखं ओरडत होतं. दादा पूर्ण जोर लावून ओढत होता आणि सगळा ताण तिच्या त्याच खांद्यावर, नुकत्या जुळलेल्या हाडावर येत होता. तिथून कट्‌ असा बारीक आवाज आला. वैनी विव्हळली. मला ऐकू आलं, ओट्यावर बसलेल्या मायला ऐकू आलं. दादानं सोडलं नाही, आणखी ओढलं.

मी बाचीच काठी घेतली, जी भिंतीला टेकवलेली असते, आणि त्याच्या मनगटावर मारली. एक नाही, तीन-चार. तिसऱ्याला पंजा उघडला. वैनी कोकरू घेऊन रस्त्याला लागली, एका बाजूला कललेली, आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिला आणायला कुणी गेलं नाही. ती आता भावांच्या मेंढरांत आहे.

दादा मातीत बसला होता. मनगट फुगत होतं. मी काठी उगारलेलीच ठेवली होती, कारण मला त्याला आणखी मारायचं होतं, त्याचं डोकं फोडायचं होतं, खोटं कशाला बोलू. मी त्याला विचारलं, “तिचं हाड वाजलं, तुला आयकू न्हाई आलं?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. बाच्या डोळ्यांसारखेच डोळे.

“आलं,” तो म्हणाला. “मला आयकू आलं, बाई. मी हाताला सोड म्हणलो. हात सुटंना.”

मी काठी खाली ठेवली.