भुरीने नाकारलेली पोळी

मी शाळेत फिजिक्स शिकवते. शकुन-अपशकुन, भूत-बीत... आपल्याला नाही पटत बाई. तरी लिहितेय, कारण हे कोडं सुटत नाहीये.

आम्ही इंदूरला, सुदामा नगरमध्ये राहतो. मागच्या गल्लीतल्या दूधवाल्या भियाची (इथे भैयाला भियाच म्हणतात) गाय, भुरी, रोज सकाळी फाटकाशी येऊन ह्यांच्या हातची पोळी खायची. एक दिवस तिने पोळी हुंगली आणि तोंड फिरवलं. माझ्या हातून मात्र लगेच खाल्ली. हे हिरमुसले, मी हसले. आठवड्याभरात ह्यांचे डोळे पिवळे!

आधी सगळ्यांना कॅन्सरच वाटला. मग कळलं – ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस. शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटतं. स्टेरॉइडने कावीळ उतरली, भूक परतली. भुरीपण खायला लागली. पण डॉक्टर म्हणाले, हा परत येऊ शकतो, वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागेल.

दोनेक वर्षांनी गोळ्या बंद झाल्या. काही महिन्यांत भुरीने पुन्हा ह्यांची पोळी नाकारली. ह्यांना त्रास काहीच नव्हता, तरी मी जबरदस्ती तपासायला नेलं. आजार परतला होता. तिला वास येत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पुन्हा स्टेरॉइड, त्यात शुगर वाढली, पचनासाठी कॅप्सूल जन्माच्या लागल्या. मधेच भियाने गोठा इंदूरबाहेर, बेटम्याला हलवला. तर हे प्रत्येक तपासणीआधी स्कूटरवर पोळी घेऊन तिकडे! मी म्हणायचे, फीस तिलाच देत जा.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट छान आहेत, आता गोळी बंद करू. त्याआधी भुरीला विचारायचं, पण ह्यांची कंबर धरलेली, म्हणून ह्यांच्या नावाची पोळी घेऊन बेटम्याला मी एकटीच गेले. पोळी मीच केलेली, मीच डब्यात भरलेली. भुरीने हुंगली... आणि तोंड फिरवलं. तीच पोळी भियाने दिली, तर खाल्ली. तो हळूच म्हणाला, "भाभीजी, आपके हाथ से तो कभी मना नहीं किया इसने."

घरी येऊन खरं ते सांगितलं. हे म्हणाले, "माझं सोड. तिने तुझ्या हातची नाकारलीय. आधी तुझी तपासणी."

मला रडूच आलं.

दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टरांना गाईचं काय सांगणार? ह्यांची गोळी अजून चालूच आहे. वासाची थिअरी मी सोडून दिलीय, दुसरी सुचत नाही.

रविवारी दोघं बेटम्याला जातोय. पोळी कोणी धरायची, ते अजून बोललो नाही.