तळ्याखालची खाडी

जीवाश्म म्हटलं की लोकांना हाडं लागतात. मी मात्र पीएच.डी.साठी तळ्याच्या गाळातले परागकण शोधत होते. हजारो वर्षांपूर्वी वाऱ्याबरोबर पाण्यात येऊन पडलेले, चिखलात दबून टिकलेले, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारे. कुठल्या थरात कुठल्या झाडाचे कण आहेत यावरून तेव्हा पाऊसपाणी कसं होतं, आजूबाजूला काय उगवत होतं, ते कळतं. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत हे समजावून सांगितलं की शेवटी एकच प्रश्न यायचा, "मग डायनासोर निघाला का?"

तळं हजीऱ्याच्या वाटेवरच्या एका गावाचं होतं. त्याचं सुशोभीकरण ठरलं होतं, म्हणजे पाणी उपसून तळाला प्लॅस्टिक अंथरायचं आणि मधे कारंजं बसवायचं. त्याआधी गाळाच्या थरांचा उभा नमुना काढायला मी पोकळ पाइप घेऊन धावले. सोबत वडील आले. जन्मभर लूमवर उभा राहिलेला माणूस सुट्टीच्या दिवशी मांडीभर चिखलात उभं राहून पाइप ठोकत होता.

"इतलं शिकीसन गाराच खंदाना व्हता का?" त्यांनी विचारलं.

एवढं शिकून चिखलच उपसायचा होता का, असा त्यांचा सवाल. मी म्हटलं, "पाइप सरळ धरा."

सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष बिल्डर होते आणि तळ्यामागे त्यांच्याच इमारती उठत होत्या. त्यांना काठावर माहितीफलक हवा होता.

"बेन, तळाव केटलुं जूनुं?" तळं किती जुनं, असं त्यांनी गुजरातीत विचारलं.

"वय काढायला नमुने बाहेर पाठवलेत. वेळ लागेल."

"तोवर पाच हजार वर्षं लिहू," ते म्हणाले. "नंतर वाढवता येईल."

दोन महिन्यांनी मी निकाल घेऊन त्यांच्या एसी ऑफिसात गेले. वरच्या थरात गाजरगवत, त्याखाली धान्याची शेतं, मग कोरड्या काळातलं गवत, आणि अगदी तळाशी तिवराचे कणच कण. तिवर खाऱ्या चिखलात वाढतं. म्हणजे इथे एके काळी खाडी होती, भरतीचं पाणी आत येत होतं. मी हे फार आनंदाने सांगितलं. बिल्डरच्या तोंडावर आनंद कसा शोधायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"खाडी लिहू नका," ते म्हणाले. "सुरतच्या माणसाला पाणी म्हटलं की पूर आठवतो. फ्लॅट कोण घेईल?"

"पण ते खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच नको."

मग त्यांनी चहा मागवला आणि हळूच विचारलं, अजून गाळ लागणार होता ना? प्लॅस्टिक पुढच्या आठवड्यात येतंय, ते थांबवता येईल.

मला दुसरा नमुना हवाच होता. एका पाइपावर माझे सर प्रबंध पुढे सरकू देणार नव्हते. मी फलकासाठी वाक्य लिहून दिलं: 'प्राचीन काळी येथे घनदाट, सदाहरित वनराजी होती.' तिवर सदाहरित असतंच. एकही शब्द खोटा नाही, याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. लाज आठवडाभराने वाटली, तोवर पाइप भरून प्रयोगशाळेत पोचला होता.

उद्घाटनाला टँकरने तळं भरलं. फायबरची कमळं सोडली. अध्यक्षांनी मला शाल घातली आणि 'आपली शास्त्रज्ञ बहीण' म्हणाले. वडिलांनी खाली माझं नाव असलेला गुजराती फलक अक्षराला अक्षर जोडत वाचला.

"खाडी कुठे गेली?"

मी शाल सावरली. त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल काढली, घडी करून पिशवीत टाकली आणि म्हणाले, "चल, बस जाईल."

प्रबंध झाला. त्यात खाडी आहे, नकाशासकट, इंग्रजीत. माझ्या माहितीप्रमाणे तो चौघांनी वाचला, त्यात मी दोनदा.

मागच्या महिन्यात आत्या पेढे घेऊन घरी आली. बँकेतून निवृत्त होताच तिने फ्लॅट घेतला होता, त्याच तळ्यासमोर. "तिथल्या बोर्डावर तुझं नाव पाहिलं गं," ती कौतुकाने म्हणाली. "घरच्या माणसानं लिहिलंय म्हटल्यावर पुढे काही विचारलंच नाही."

या वेळी मी सगळं सांगितलं. खाडी, तिवर, भरती, माझं वाक्य. वडील दारात उभे राहून ऐकत होते.

आत्याने शांतपणे पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "अगं, आमचा पाचवा मजला आहे," ती म्हणाली. "एवढ्या वर कशाला येतेय तुझी खाडी?"

"बाजारहाटाला खाली उतरशील ना?" वडील म्हणाले.

आत्या रागावून गेली. पेढे मात्र ठेवून गेली.