बांधलेली छाती

कुंताच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा तिनं नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "मले सपाट करून घरी धाडता का?" मी गावची आशा कार्यकर्ती, म्हणून सोबत होते. जीव वाचतो का ते विचारायचं सोडून हे काय, असं मला वाटलं. मग लक्षात आलं. ही बाई मासे धरणाऱ्या ढिवराची. रोज कमरेएवढ्या पाण्यात वाकून झिंगे धरते, आणि ओलं लुगडं काही लपवत नाही. तलावाच्या पाळीवर बसून बघणारे रिकामटेकडे आमच्या गावात कमी नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी स्तन काढला आणि त्याच वेळी पाठीचं मांस काखेखालून पुढे आणून नवा बसवला. सुट्टी देताना म्हणाल्या, छाती काही महिने आवळल्यासारखी वाटेल, घाबरू नका, पण काखेखाली काही घट्ट बांधू नका. कुंताच्या नवऱ्यानं, सुरेंद्रनं, मान डोलावली. मीही डोलावली. एसटी पकडायची घाई होती. अर्धं कानावरून गेलं, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर कुंता म्हणाली, "श्वास घेतला का छातीवर पाटा ठेवल्यावानी वाटते." तिची सासू शकुबाई म्हणजे चाळीस वर्षं गावातल्या बाळंतिणी सांभाळलेली बाई. अंगात वारा भरू नये म्हणून बाळंतिणीच्या पोटाला जुन्या लुगड्याची पट्टी कचकचून बांधायची, ती शकुबाईनंच. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मीही तिच्याकडून बांधून घेतली आहे. तशीच पट्टी तिनं कुंताच्या छातीला बांधली, काखेखालून दोन फेरे. "वारा शिरला आंगात. चार दिवसात बसते," म्हणाली. सून म्हणून नाही, पोटची पोर म्हणून बांधली, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी मी गेले. पट्टी पाहिली. कुंता म्हणाली, "थोडं बरं वाटून राह्यलं." मी वहीत तसं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली तर नव्या स्तनाचं कातडं जांभळं झालेलं. वास येत होता. नागपूरला पोचेपर्यंत ते काळं पडलं. त्या मांसाला रक्त पुरवणारी शीर काखेतून येते, ती दाबली गेली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. मेलेलं मांस सगळं काढावं लागलं. पुढे कधी पुन्हा करायचं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा कुंतानं भिंतीकडे तोंड केलं.

याला दोन महिने झाले. कुंता तलावात उतरत नाही. तिच्या जाळ्यानं आता शकुबाई झिंगे धरते, पासष्टीच्या वयात. काल मी गेले तेव्हा म्हातारी दारातच टेकली होती. तिनं विचारलं, "चंदा, खरं सांग. माह्या बांधल्यानं गेलं का?"

"नाई हो बाई," मी म्हणाले. "कधी कधी धरतच नाई ते."

आतून कुंता बोलली. आवाज चढलेला नव्हता. "खोटं काऊन बोलता, चंदाबाई? मायनं बांधलं. म्या बांधू देलं. अन् तुमी पाहून गेल्या."

  मग कुंतानं मलाच चहा टाकायला सांगितला, कारण तिचा डावा हात अजून वर जात नव्हता.