चकलीचा खांदा

“हात वर जात नसेल तर नको जाऊ दे! चकली काय छतावर पाडतात? खालीच पाडतात ना?”

कदमसाहेबांचा आवाज असा, की ग्वाल्हेरच्या इंदरगंज चौकातले ऑटोवाले हॉर्न वाजवायचे थांबले. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक तिथेच पहिल्या मजल्यावर आहे. खिडकी बंद होती. तरी थांबले.

मी इतकंच म्हटलं होतं, की कदमवहिनींनी तीन आठवडे सोऱ्याला हात लावायचा नाही. सोऱ्या म्हणजे चकली पाडायचा साचा. कदमांच्या घरातला पितळी, जुना, तोफेच्या नळीसारखा. त्यात भाजणीचं पीठ ठासायचं आणि दट्ट्यावर दोन्ही हातांनी सगळं अंग घालून दाबायचं. दर वर्षी सात किलो भाजणी. घरं बत्तीस. कदमसाहेबांच्या गल्लीत मिश्रा, गुप्ता, भदौरिया सगळे दसरा झाला की विचारायला लागतात, “भाभीजी, चकली कब?” त्या चकलीवर साहेबांची गल्लीतली इज्जत उभी होती आणि ती चकली वहिनींच्या उजव्या खांद्यावर.

आता त्या खांद्याविषयी. खांद्याचा सांधा चार छोटे स्नायू धरून ठेवतात. त्यांना आम्ही रोटेटर कफ म्हणतो. वहिनींच्या एका स्नायूची दोरी अर्धी फाटलेली होती. सोनोग्राफीत स्पष्ट दिसत होतं. आराम दिला तर अर्ध्यावरच थांबते, हळूहळू भरते. जोर लावला तर पूर्ण तुटते. मग ऑपरेशन, आणि साठीच्या आसपास ऑपरेशन झालेला खांदा पूर्वीसारखा होईल असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. दोन महिने वहिनी डाव्या हाताने केस विंचरत होत्या. घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“साहेब,” मी म्हटलं, “दोरी तुटली तर पुढच्या दिवाळीला पोळीसुद्धा लाटता येणार नाही.”

“अरे भई, मग दिवाळी झाल्यावर करू ना आराम! मी रोज काय सांगतो हिला? टेन्शन घ्यायचं नाही, तब्येत सांभाळायची. मला बघा.”

बघितलं. कदमसाहेब वीज खात्यातून निवृत्त झालेले, पण प्रकृती अशी की खात्याने परत बोलवावं. रोज सकाळी फूलबागेत चार चकरा, मग प्राणायाम, मग आवळ्याचा रस, मग सोललेले बदाम. आवळे किसायला, बदाम सोलायला आणि पांढरे बूट धुवायला वहिनी. माणसाची तब्येत इतकी उत्तम असायला घरात निदान एक खांदा तरी फाटावाच लागतो.

वहिनी हळूच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, बाकी काही नाही करणार. बस, चकल्या. मतलब, सोऱ्या निघालाच आहे तर शेव होऊन जाईल. आणि करंज्या तर बसून करायच्या असतात.”

माझा रुग्ण कोण आणि शत्रू कोण, हे ठरवायला मला पाच मिनिटं लागली. दोघेही एकाच खुर्चीवर बसलेले होते.

माझ्या गुरूंच्या काळात बिर्ला नगरच्या मिल चालू होत्या. त्यांच्याकडे मागावर काम करणारे खांदे यायचे. मिल बंद पडल्या, खांदे यायचे बंद झाले नाहीत. दिवाळीच्या आधी दहा दिवस आमच्या लश्कर भागात घरोघर मिल सुरू होते. एकच पाळी, पहाटेपासून कढई थंड होईपर्यंत, आणि कामगार एकच. मराठी घरांतून माझ्याकडे चकलीचे खांदे येतात, हिंदी घरांतून गुझियाची मनगटं आणि साफसफाईच्या कमरा. एका बाईंनी पंख्याची पाती पुसताना मान अशी अडकवून घेतली होती, की त्या आठ दिवस फक्त डावीकडच्या नातेवाइकांशी बोलत होत्या.

आणि एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. या सगळ्या बायका बऱ्या झाल्या की मला फराळाचा डबा आणतात. ज्या खांद्याला मी आराम सांगितला, त्याच खांद्याने पाडलेली चकली. तीस वर्षं मी ती खातो आहे. खुसखुशीत असते.

तर, पहिला उपाय. मी वहिनींचा हात गळपट्टीत अडकवला. वैद्यकीयदृष्ट्या त्याची तितकी गरज नव्हती. पण आपल्याकडे पट्टी दिसली नाही तर दुखणं कोणी मान्य करत नाही. निळी, रुंद, दुरून दिसेल अशी निवडली.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. गळपट्टीला भाजणी चिकटलेली, कोपऱ्याशी तेलाचा डाग.

“हे काय?”

“काही नाही. एक घाणा काढून बघितला. भाजणी कशी झाली ते बघायला नको?”

“हात कुठे होता?”

“पट्टीत होता. बस, मधून मधून बाहेर काढला.”

पट्टी हरली. मग मी मोर्चा साहेबांकडे वळवला. माझ्याकडे पकड मोजायचं एक यंत्र आहे. मूठ आवळायची, काटा आकडा दाखवतो. साहेबांना म्हटलं, “आवळा.” त्यांनी दात-ओठ खाऊन आवळलं. काटा जिथे थांबला तिथे तो त्यांच्या वयाच्या मानाने जरा खालीच होता. खोटं मी बोललो नाही. चेहरा मात्र असा केला, जसा आमच्या वरच्या मजल्यावरचा सर्जन करतो.

“काय झालं?” साहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“चालण्याने पाय राहतात, साहेब. पकड जाते. आणि पकड गेली की…” मी वाक्य सोडून दिलं. सोडलेल्या वाक्याइतकं गुणकारी औषध दुसरं नाही.

“एक्सरसाइज लिहून द्या!”

दिला. कागदावर लिहिलं: पितळी सोऱ्या, रोज दुपारी दोन ते चार, पीठ मळण्यासह.

“मी? चकल्या?”

“तुमचे पूर्वज दख्खनहून घोड्यावर बसून इथवर आले, साहेब. महिनोन् महिने लगाम धरून. ती पकड कुठे गेली, असं कोणी विचारलं तर?”

साहेबांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. जाताना जिना असे उतरले, जणू खाली घोडा बांधलेला होता.

मला वाटलं, जिंकलो. तीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस असं समजतो तेव्हा त्याला कोणीतरी आवरायला हवं.

तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या त्या घामाने निथळत. खांदा ठीक होता. पण छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, ब्लडप्रेशर असं की माझ्या मशीनने दोनदा नाकारलं आणि तिसऱ्यांदा घाबरत सांगितलं.

“काय केलंत काल?”

“मी काहीच नाही केलं. ओट्याजवळ उभी होते, बस. यांनी मोहनच घातलं नाही. कडक तेल पिठात घालायचं असतं ना, ते. चकल्या अशा कडक झाल्या! मी म्हटलं, अहो मोहन. तर म्हणे, मला शिकवू नकोस. मग तेल किती तापवलं, मग झारा कुठे ठेवला, मग मिश्रा भाभी दारातून डोकावून गेल्या. गल्लीत काय म्हणतील, डॉक्टरसाहेब? बत्तीस घरं आहेत.”

दोन तास ओट्याजवळ हात बांधून उभं राहणं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. सोऱ्या दाबण्यापेक्षा कठीण काम. खांद्याचं ओझं मी उतरवलं आणि ते सरळ त्यांच्या छातीवर ठेवलं होतं.

खालच्या मजल्यावर फिजिशियन बसतात. त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी तपासलं, ईसीजी काढला, तो ठीक निघाला. गोळी वाढवली नाही. मला फोन करून म्हणाले, “भाईसाब, दवा बाद में। पहले इन्हें रसोई से निकालो।”

पण काढून ठेवायचं कुठे? माहेरी पाठवलं तर तिथे दुसरा सोऱ्या. देवळात पाठवलं तर तिथे प्रसादाची कढई. दिवाळीच्या आठवड्यात बाईमाणसाला नुसतं बसता येईल अशी जागा मला ग्वाल्हेरात सापडली नाही. एक सोडून. माझ्या क्लिनिकमधली तीन नंबरची कॉट.

वहिनींना सांगितलं, रोज दोन ते चार यायचं. आयएफटी लावायचं. आयएफटी म्हणजे त्वचेवर पॅड लावून बारीक करंट द्यायचा, मुंग्या येतात, वेदना कमी होते. काम वीस मिनिटांचं. वीस मिनिटांनी मशीन आपोआप बंद होतं. पॅड मात्र मी काढत नव्हतो.

“दोन तास?” वहिनी म्हणाल्या.

“जुनं दुखणं आहे.”

रजनी माझी रिसेप्शनिस्ट. तिने त्यांचा मोबाइल टेबलाच्या खणात ठेवला. “आंटी, मशीन चलते में मोबाइल अलाउड नहीं है।” हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. खोटं बोलण्यात ती माझ्या पुढे निघाली.

पहिली दहा मिनिटं वहिनी छताकडे बघत पुटपुटत होत्या. तेल तापलं असेल. आता पीठ मळलं असेल. मग पुटपुटणं थांबलं. मग घोरणं सुरू झालं. बारीक नाही, चांगलं भरदार, कदमांच्या घराण्याला शोभेल असं. माझ्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर वाजायला लागल्या.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी क्लिनिकचा फोन वाजला.

“डॉक्टर! चकली तेलात विरघळते आहे! टाकली की गायब! हिला द्या फोन!”

आदल्या दिवशी मोहन राहिलं म्हणून साहेबांनी आज भरपाई केली होती. दोन डाव.

“मशीन चालू आहे, साहेब. उठवता येत नाही.”

“अजून किती वेळ?”

“खांदा मोठा आहे.”

“अरे, इकडे कढईत काही राहिलं नाही! नुसता चिखल आहे! उठवा तिला!”

मी कॉटकडे पाहिलं. वहिनींचं तोंड थोडं उघडं होतं, चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता. नाही उठवलं. पण विरघळणाऱ्या चकलीवर फिजिओथेरपीत उपचार नाही. हॉलमध्ये त्या वेळी एक मान, एक कंबर आणि एक मनगट बसलेलं होतं, आणि आणखी एक कंबर शेजारच्या कॉटवर पडलेली. मी फोन स्पीकरवर टाकला आणि हॉलच्या मधोमध धरला.

अशी कॉन्फरन्स मी आयुष्यात ऐकली नाही. मान म्हणाली, “अहो, मोहन जास्त झालंय. भाजणी मिसळा अजून!” एक कंबर म्हणाली, “आच धीमी करो भाईसाब, आच!” मनगट म्हणालं, “पहिले एकच टाकून बघा, पूर्ण घाणा नका टाकू!” दुसरी कंबर, जी तीन दिवस हूं की चूं करत नव्हती, ती पॅड लावलेल्या अवस्थेत कॉटवर उठून बसली आणि ओरडली, “कितना आटा? मुट्ठी से नापो, मुट्ठी से!”

पलीकडून वीज खात्याचे निवृत्त अधिकारी म्हणत होते, “जी. जी भाभीजी. मुट्ठी से. जी.”

एखाद्या पुरुषाला “जी” म्हणताना ऐकून इतक्या बायकांची पाठ एकाच दुपारी बरी झाल्याचं उदाहरण माझ्या पुस्तकांत नाही. वहिनी या सगळ्यात कूस बदलून झोपलेल्या.

मग तो क्रमच झाला. धनत्रयोदशीपर्यंत रोज दोन वाजता वहिनी झोपायच्या आणि पावणेतीनला फोन यायचा. काही बायका त्या वेळेची अपॉइंटमेंट मागायला लागल्या. शेवटचे दोन दिवस साहेबांचा प्रश्न नव्हता, नुसतंच सांगायला फोन. “टिकली! आकार टिकला!” हॉलमध्ये टाळ्या.

बत्तीस घरी चकली गेली. कडक होती. इतकी, की भदौरियांनी ती चहात बुडवून खाल्ली आणि गुप्तांनी म्हणे दोन दिवस दाराला टेकण लावली. पण परत कोणी केली नाही. गल्लीची इज्जत चकलीवर अवलंबून नसते, हे सगळ्या गल्लीला आधीच माहीत होतं. फक्त कदमांच्या घरात पोहोचलं नव्हतं.

दिवाळीनंतर पुन्हा सोनोग्राफी केली. फाटलेलं वाढलं नव्हतं. ब्लडप्रेशर उतरलं. व्यायाम सुरू केले आणि थंडी पडेपर्यंत हात कानापर्यंत जायला लागला. मी फाइलवर लिहिलं, ‘उपचारांना उत्तम प्रतिसाद.’ कोणते उपचार, ते लिहायला फाइलमध्ये रकाना नाही.

धडा विचाराल तर एवढाच, की सणासुदीत तब्येत सांभाळा असं सांगणारा माणूस भेटला की आधी त्याचे बदाम कोण सोलतं ते बघावं. माझ्या घरी त्या वर्षी चकल्या कोणी पाडल्या, ते मात्र विचारू नका. मी क्लिनिकमध्ये बिझी होतो.

शेवटच्या तपासणीला दोघे एकत्र आले. साहेबांच्या हातात स्टीलचा डबा. हॉलमधल्या एकेकीला चकली देत, मोठ्याने सांगत फिरत होते. सात किलो, एकट्याने, कोणाची मदत नाही. बायका दाढेखाली चकली धरून मान हलवत होत्या. बोलणं शक्य नव्हतं.

फेरी संपवून साहेब वहिनींसमोर येऊन उभे राहिले.

“ही अजून काही बोललीच नाही, डॉक्टर. सांग ना ग. पहिल्यांदा केल्या मी. कशा झाल्या होत्या?”

वहिनींनी पर्स बंद केली.

“काय माहीत. मी तर झोपले होते.”