गचके की थरथर?

वैजयंती माझ्याशी शेवटचं जे सलग वाक्य बोलली, ते माझ्याविषयी नव्हतं, घराविषयी नव्हतं आणि देवाविषयी तर नव्हतंच. नागोयाच्या हॉस्पिटलात तिला स्ट्रेचरवरून तपासणीला नेत होते. चेहऱ्यावर धीर देणारं हसू चिकटवून मी बाजूनं चालत होतो. डोळे न उघडताच ती म्हणाली, "पुढचं डावं चाक बघ. बेअरिंग गेलंय. सांग त्यांना." मी सांगितलं. नर्सनं वाकून चाक हलवून पाहिलं आणि मान डोलावली... बरोबर होतं. याला आता दीडेक महिना होईल. भेटायला येणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. मला मात्र सांगताना कॉलर ताठ करावीशी वाटते.

माझी बायको कंपनांची इंजिनियर होती. गाडी हादरते ती का, कुठून, हे शोधणं हा तिचा धंदा. तिच्या कंपनीनं तिला पुण्याहून नागोयाला पाठवलं तेव्हा मी कॉलेजातलं मराठी शिकवणं सोडून तिच्यामागोमाग आलो. "बायकोच्या पदराला धरून जपानला गेला," असं आमच्या आत्यानं गावभर केलं. खोटं काय होतं त्यात? ती ऑफिसला जायची, मी पोळ्या करायचो आणि कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचो. पण एक काम माझ्याशिवाय अडायचं. गाडीत बसलं की ती माझा तळहात डॅशबोर्डवर ठेवायची. "मराठीचा ना तू? मग नेमका शब्द सांग." मी सांगायचो... खडखड, धडधड, गचके, कुरकुर. "आवाज येतोय" असं म्हटलं की खवळायची. "ढोबळ बोलू नकोस!" अर्धा बिघाड शब्दातच सापडतो, असं तिचं ठाम मत होतं. जपानी गॅरेजवाल्यांचंही तेच असतं, हे मला उशिरा कळलं. एकदा आमच्या गाडीविषयी मेकॅनिकनं मला गंभीरपणे विचारलं, "गाता-गाता?" आमची गाडी गात नाही हो, असं म्हणून मी एकटाच खो-खो हसलो. गाता-गाता म्हणजे त्यांच्याकडे खडखडाट. गचके असतील तर गाकु-गाकु, बारीक थरथर असेल तर बुरु-बुरु. वैजूनं घरी येऊन मला हे तिन्ही शब्द पाढ्यासारखे पाठ करायला लावले.

ते मोठ्या भूकंपाचं आणि त्सुनामीचं साल होतं. नागोया लांब म्हणून वाचलं, तरी लटकत्या दिव्याकडे अधूनमधून बघायची सवय सगळ्यांनाच लागली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या मारिको-सानकडे तिची आई राहायला आली. किमुरा-सान, सत्तरीची बाई. ईशान्येच्या किनाऱ्यावरचं घर आणि नवरा, दोन्ही लाटेनं नेलं. उरली ती एक छोटी पांढरी गाडी, त्या दिवशी टेकडीवरच्या दवाखान्यापाशी उभी होती म्हणून. वेग घेताना गाडी थरथरते, असं आजी सारखं म्हणायची. गॅरेजवाला चक्कर मारून आला, त्याला काही जाणवलं नाही. खात्रीसाठी त्यानं प्लग बदलले. आजीचं म्हणणं तेच. शेवटी कचऱ्याच्या पिशव्या ठेवताना मारिको-सान मला हळूच म्हणाली, "आईला सगळंच हलल्यासारखं वाटतं हो, भूकंपापासून." गाडी विकायची ठरली होती. आजीनं वाद न घालता किल्ली लेकीच्या हातात दिली होती आणि तेव्हापासून ती फारशी बोलतच नव्हती.

मी हे जेवताना सांगितलं. वैजूचा घास हातातच राहिला. "हलल्यासारखं वाटतं की हलतं? आधी हे तपासायला नको?"

शनिवारी तिनं आम्हा सगळ्यांना त्या गाडीत कोंबलं. गॅरेजवाला एकटाच सपाट रस्त्यावर फिरला असणार, आपल्याला चढ हवा आणि वजन हवं, असं ती म्हणाली. वजन म्हणून माझी निवड झाली. मारिको-सान माझ्या शेजारी, वैजू पुढे, आणि चालवायला किमुरा-सानच. त्याबाबत वैजू हटून बसली होती. चढ लागला, आजीनं ॲक्सिलरेटर दाबला, आणि माझ्या मांडीखालचं सीट हलू लागलं.

"शब्द!" वैजू पुढूनच ओरडली.

"गचके नाहीत. थरथर. डावी-उजवीकडे, बारीक."

तिनं आजीला पाय काढायला सांगितला. थरथर थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा सुरू. वर सपाटीवर उभं राहून न्यूट्रलमध्ये इंजिन वाढवलं, तर एकदम स्वच्छ. म्हणजे इंजिन निर्दोष, दोष पुढे चाकाकडे. मग वैजू आजीकडे वळली.

"बुरु-बुरु?"

आजी पुटपुटली, "बुरु-बुरु."

"किमुरा-सान, गाडी थरथरते. तुम्ही नाही."

आजीनं कपाळ स्टिअरिंगला टेकलं आणि ती रडली. मारिको-सान मागून तिचे खांदे धरून "माफ कर, आई" म्हणत राहिली. मी टिश्यू शोधत होतो, आणि माझ्या बायकोकडे बघून मला वाटत होतं, ही माझी आहे!

सोमवारी गॅरेजवाल्यानं गाडी वर उचलून वैजूला स्वतःहून बोलावलं. दोघं गाडीखाली मान वर करून उभे. गिअरबॉक्सपासून चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचा आतला सांधा झिजला होता, त्याचं रबरी आवरण फाटून ग्रीस गळून गेलं होतं. दांडा बदलला. तोच चढ, तेवढीच माणसं, आणि गाडी मुकाट चढली. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला किमुरा-सान ती गाडी स्वतः चालवत गावी गेली. शेजारी वैजू होती. ऑफिसनं तिला दिलेली मानचिन्हं कपाटात आहेत, कुणी आलं तर दाखवतो. पण मी गोष्ट सांगतो ती हीच.

वैजू गेल्यावर काल पहिल्यांदाच आमची गाडी बाहेर काढली. त्याच चढावर ती थरथरायला लागली. शिकवल्याप्रमाणे पाय काढला, थांबेना. कडेला घेऊन न्यूट्रलमध्ये टाकली, तरी थांबेना. इंजिन बंद केलं... तरीही. मग सवयीनं तळहात डॅशबोर्डवर ठेवला. डॅशबोर्ड गार होता आणि अगदी स्थिर.

"थरथर," मी रिकाम्या सीटला मोठ्यानं सांगितलं. "गाडी नाही, वैजू. मी."