शेठच्या नावेतलं पिवळं पाणी

आमचा पितांबरभाऊ दाढी करतानासुद्धा आरशातल्या माणसाकडे जरा संशयानेच बघायचा. त्याच्या हातात वस्तरा असायचा ना! धंदा विहिरींवरच्या मोटारी आणि पाइप दुरुस्त करण्याचा, पण खरा नाद चाखून बघण्याचा. दूध आलं की आधी बोटावर, तेल आणलं की आधी जिभेवर. बायकोने, लिलाबाईने, न मागता चहा पुढे केला तर विचारायचा, "आज काय काम शे?" बिचारीने मग न मागता चहा देणंच सोडलं. तेव्हा याला तिचाच संशय येऊ लागला.

अशा माणसाला जळगावच्या देवचंदशेठने आपल्या नावेचा राखणदार नेमलं. गोष्ट एकोणनव्वद-नव्वदची असेल. शेठची कापसाची जिनिंग, हातात पैसा खेळता. मुंबईला कुणाची तरी शिडाची जुनी नाव मिळाली, ती ट्रकवर घालून चाळीसगावकडच्या आमच्या धरणावर आणून सोडली. आत निजायची फळी, स्टोव्ह आणि चकचकीत स्टीलचं सिंक. अख्खं गाव बघायला लोटलं. गर्दीतली भागाबाई म्हणाली, "आजूबाजूला बठ्ठं पानीच पानी, आनि भांडा घासाले मोरी संगे लई उनात!"

एकाच माणसाला हसू आलं नाही. भटूला. धरणाच्या या काठाचं त्या काठाला माणसं नेणारी एकच नाव, ती भटूची. त्याच्या बापाचीही तीच. शेठ उद्या याच घाटावर धंदा मांडणार, अशी कुजबुज होती.

आणि शेठच्या नावेच्या तळाशी पाणी दिसू लागलं. आधी ओल, मग थारोळं.

"राखण करतोस की झोपा काढतोस?" शेठ कडाडले.

पितांबर पेटला. त्याने नाव काठाला ओढली, भोवती फिरून बाहेरून तपासली, आणि पाण्याच्या जरा वर त्याला ते सापडलं. बोट जाईल एवढं, अगदी गोल भोक. नावेला भोक! आमच्याकडे नाव बांधणारा तिची फटन् फट डांबराने बुजवतो. भोक असतं ते दुश्मनाचं. आणि गावात भोक पाडायचं गिरमिट होतं एकट्या भटूकडे.

"हाई भोक भटूनंच पाडं," पितांबरने चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगून टाकलं. मीही तिथेच होतो, मान डोलावली. फुकटची बातमी कोण सोडतो? भटू एवढंच म्हणाला, "मी नई पाडं." त्याच्या अंगावरचा सदरा घामाने भिजला होता, आणि पितांबरने तेही पुराव्यात धरलं.

त्याने बाभळीची खुंटी तासली, सुतळी गुंडाळून डांबरात बुडवली आणि बाहेरून भोकात ठोकली. शेठने भटूचं नाव ऐकलं तेव्हा ग्रामपंचायतीत शब्द टाकला: रविवारी पाहुणे येऊन गेले की भटूची नाव घाटावरून उठवायची.

रविवारी पाहुणे आले. स्वयंपाकाला आणलेल्या सुगंधाबाईने शेवभाजी केली, मी वाढायला होतो, सगळे जेवले, ढीगभर भांडी सिंकमध्ये घासली गेली. आणि खाली बसलेल्यांचे पाय भिजले. पाणी घोट्यापर्यंत!

"पुन्हा भोक पाडलं त्याने," शेठ म्हणाले. "बोलवा रे त्याला."

पितांबर ओणवा झाला. पाणी पिवळट होतं, वर कोथिंबीर तरंगत होती. सवयीने बोट बुडवलं, जिभेला लावलं. हळद. तिखट. काळा मसाला.

तो सिंकखाली शिरला. तिथला रबरी पाइप तडकून फाटला होता. त्याचं दुसरं टोक शोधत हात सरकत गेला आणि थेट त्याच्याच खुंटीवर थांबला. सिंकचं पाणी बाहेर जायची ती वाट होती. आधी भांडी घासली की ते तडकेतून थोडं गळायचं. याने वाट बंद केल्यावर सगळंच आत उतरलं.

वर भटू येऊन उभा होता. घाट जाणार हे त्याला कळलं होतं. पितांबरने गुपचूप खुंटी उपटली असती तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. तो बराच वेळ सिंकखालीच राहिला. मला वाटलं, झोपला.

मग बाहेर आला. "शेठ, भोक भटूनं नई पाडं. ते मोरीनंच शे, पहिलेपासून."

"मग ती खुंटी कोणाची?"

"मन्ही."

टपरीवर मी हे पुढे महिनाभर सांगितलं. पितांबरने मात्र त्याच संध्याकाळी मोटारीच्या काळ्या पाइपचा तुकडा कापून आणला, सांध्यांत पाणी झिरपू नये म्हणून सफेदा लावला, दोन्ही टोकं पट्ट्यांनी आवळली आणि घागरभर पाणी ओतलं. बाहेर धार पडली, आत तळ कोरडा. तरी त्याने तळावर तळहात फिरवला, मग तोंडाशी नेला. शेठनेही घाटाचा विषय पुन्हा काढला नाही.

शेठच्या नावेवरून परत येताना भटूनेच त्याला आपल्या नावेतून आणलं. मध्येच वल्हं ठेवून थर्मासमधून चहा ओतला, बशी पुढे केली. पितांबरने चहाकडे बघितलं, भटूकडे बघितलं.

"पहिले तू पी."

भटू हसत अर्धी बशी प्याला. उरलेली पितांबरने घेतली, आणि पिऊन झाल्यावर बशी उलटी करून खालूनही बघितली.